उभा सायलेन्सर

जीप घ्यायची कल्पना माझी नव्हती. मला गाडी चालवता यायची ती कंपनीचा टेम्पो आवारातल्या आवारात मागेपुढे करण्याइतकीच. ठाण्यात यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मी वेल्डर होतो आणि खोपटला एसटी डेपोच्या मागे एका खोलीत एकटा राहायचो. आईवडील मी शाळेत असतानाच पाठोपाठ गेलेले. थोरल्या भावाने वाढवलं, नोकरीला लावलं, मग तो त्याच्या संसाराला लागला आणि मी माझ्या खोलीत आलो. भांडण काही नव्हतं. नुसतं जाणं-येणं आटत गेलं. सहा दिवस कामात निघून जायचे. रविवार मात्र सकाळपासून समोर येऊन बसायचा.

ऐंशीनंतरच्या पहिल्या काही वर्षांतली गोष्ट. कंपनीच्या ड्रॉइंग ऑफिसात एक जण नवीन लागला. माझ्याच वयाचा. टिटवाळ्याच्या पुढे, काळू नदीच्या पलीकडे त्याचं गाव. शेतकरी आगरी घर, त्यातला डिप्लोमा केलेला हा पहिलाच. ड्रॉइंग काढून झालं की ते हातात घेऊन तो खाली शॉपमध्ये यायचा आणि विचारायचा, हे असं जोडता येईल का? बाकीचे ड्रॉइंगवाले कागद पाठवून द्यायचे, हा स्वतः यायचा. तिथून आमचं जमलं. जेवणाच्या सुट्टीत तो डबा घेऊन माझ्या बाकावर यायला लागला. त्याच्या डब्यात सोमवारी तांदळाची भाकरी आणि सुकट असायची, कारण शनिवारी कामावरून सुटला की तो आईकडे जायचा. बाकी दिवस डोंबिवलीला चारपाच जणांत मिळून राहायचा. सोमवारची अर्धी भाकरी माझी, हे कधी ठरलं ते आता आठवत नाही.

त्याचे वडील गेलेले, बहीण लग्न होऊन दिवा गावात. आई गावात एकटी. तिला दम्याचा त्रास. नदीवर तेव्हा पूल नव्हता, फरशी होती. म्हणजे पात्रात दगडी बांध घालून वर सिमेंट केलेला ठेंगणा रस्ता. पावसाळ्यात पाणी त्याच्यावरून जायचं. एसटी अलीकडेच वळायची. फार पूर नसला तरी फरशीवर गुडघा-दीड गुडघा पाणी आठवडेच्या आठवडे असायचं, आणि तेवढ्यानेही आई पलीकडे अडकायची. त्याच्या डोक्यात जीप आली ती तिथून. मुंब्र्याकडे दगडाच्या खाणीवर एक जुनी जीप उभी होती, लष्कराने काढून टाकलेली, पेट्रोलवर चालणारी. आम्ही दोघांनी मिळून ती घेतली. माजिवड्याला हायवेच्या मागे एक बंद पडलेली भाताची गिरणी होती, तिच्या मालकाने पत्र्याची शेड वापरायला दिली. त्यानंतर रविवारी मी सकाळी लवकर उठायला लागलो. तो शनिवारी आईकडे जाऊन रविवारी दहाच्या सुमारास परत यायचा आणि मग संध्याकाळपर्यंत आम्ही दोघं त्या गाडीच्या खाली.

त्या वर्षी श्रावणात आम्ही पहिल्यांदा फरशी ओलांडायला गेलो. तयारी केली असं आमचं मत होतं. स्पार्क वाटणाऱ्या डब्याला ग्रीस फासून वरून सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवला होता. पंख्याने पाणी उडवू नये म्हणून त्याचा पट्टा काढून ठेवला होता. पलीकडच्या काठावर त्याची आई उभी होती, कोणीतरी तिला सांगितलं असणार. गाडी तो चालवत होता. अर्ध्यावर आलो आणि समोरून पाण्यात एक मोठं लाकूड आडवं आलं. त्याने ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला. तेवढंच. जीपचा सायलेन्सर खालून मागे जातो, तोंड मागच्या बंपरच्या खाली, आणि ते पूर्ण पाण्यात होतं. इंजिन जोरात असतं तोवर धूर पाण्याला बाहेर ढकलत राहतो. ते मंदावलं आणि पाणी उलटं आत शिरलं. इंजिन दोनदा खोकून बंद पडलं, मग काही केल्या सुरू होईना. अलीकडच्या लोकांनी दोर बांधून गाडी मागे ओढली. आई पलीकडे उभीच होती. त्याने हात केला, तिने केला, मग ती वळून घराकडे गेली. आम्ही ओल्या कपड्यांनी तिकडे बघत राहिलो.

दुसऱ्या रविवारी त्याने शेडच्या भिंतीवर खडूने पूर्ण मापाचं चित्र काढलं. इंजिनातून निघणारा पाइप मागे न नेता उजव्या बाजूने बाहेर काढायचा, काचेच्या चौकटीला लावून सरळ उभा न्यायचा आणि डोक्याच्या वर सोडायचा. ट्रॅक्टरला असतो तसा. हवा आत घ्यायचं तोंडही तसंच वर. तो दोन पावलं मागे जाऊन चित्राकडे बघत राहिला आणि म्हणाला, पुढच्या पावसाळ्यात आपण आईच्या दारात जाऊ.

होळीच्या आधी त्याला मस्कतची नोकरी लागली. खटपट बरेच दिवस चालू होती, मला माहीत होतं, पण असल्या गोष्टी होत नसतात असं मी धरून चाललेलो. निघायच्या आधी तो मला गावी घेऊन गेला. आईसमोर जेवताना एवढंच म्हणाला, हा येत जाईल अधूनमधून. आईने मला आणखी भात वाढला. तोवर त्याने मला रस्त्यावर गाडी चालवायला शिकवलं होतं, म्हणून त्याला विमानतळावर सोडायला मी जीपच नेली. आत जाताना त्याने मागे वळून विचारलं, पाइप दीड इंचीच घेणार ना? मी म्हणालो, हो.

तो उन्हाळा मी त्या पाइपवर घालवला. वेल्डिंग माझं रोजचं काम होतं, पण पाइप वाकवणं वेगळं. नुसता तापवून वाकवला तर तो वळणावर चपटा होतो, धुराची वाट अरुंद होते आणि इंजिन गुदमरतं. म्हणून आत कोरडी वाळू ठासून भरायची, दोन्ही तोंडं लाकडी खुंटीने बंद करायची आणि मग गॅसने लाल करत हळूहळू वळवायचं. पहिल्याच रविवारी माझी वाळू थोडी दमट राहिली. पाइप तापला, आत वाफ कोंडली आणि खुंटी बंदुकीच्या गोळीसारखी सुटून समोरच्या पत्र्यावर आदळली. पूर्ण शेड दणाणली. मी खाली बसलो आणि जोरात हसायला लागलो. हसता हसता शेजारी बघितलं, जसं माणूस बघतो, आपल्याबरोबर दुसराही हसतोय की नाही. तिथे गॅसची टाकी होती. मग मी वाळू कढईत भाजून घेतली आणि दुसरा पाइप भरला.

काम एका दमात झालं नाही. इंजिन आपल्या जागी थरथरतं आणि गाडीचा सांगाडा वेगळा थरथरतो, त्यामुळे दोघांना जोडणारा ताठ पाइप जोडावर तडकायला लागला. दोन वेळा मी तोच जोड भरून काढला, तिसऱ्यांदा मध्ये लवचिक नळीचा तुकडा घातला तेव्हा तो टिकला. उभा पाइप चालवणाऱ्याच्या कोपराशीच येत होता. एकदा विसरून हात बाहेर काढला तर मनगटाच्या वर कातडी सोलवटली, तो डाग अजून आहे. मग भोकं पाडलेल्या पत्र्याची एक जाळी करून पाइपाभोवती बसवली. पाइप आधी चित्रापेक्षा आखूड, काचेच्या उंचीवर संपवला होता, तर धूर सरळ तोंडावर यायला लागला. आणखी दोन फूट वाढवला, टोक मागे वळवलं, आणि पाऊस आत पडू नये म्हणून वर एक उघडझाप करणारं झाकण लावलं. इंजिन सुरू झालं की ते झाकण उचललं जायचं आणि टकटक वाजत राहायचं.

आवाज हा मोठाच प्रश्न होता. खालचा लांब सायलेन्सर गेला होता आणि त्याजागी मी आखूड डबा लावलेला. घोडबंदर रस्त्याला चाचणी घ्यायला गेलो तर एका ठरावीक वेगाला गाडी ढोलासारखी घुमायची, कानात दडे बसायचे. कमी वेगात ठीक, जास्त वेगात ठीक, मधल्या वेगात मात्र असह्य. डब्याच्या आत आडव्या चकत्या घालून, थोडी काचेची लोकर भरून तो आवाज बराच खाली आणला. पूर्ण गेला नाही. खोपटच्या शेजाऱ्यांनी तोवर मला, गाडी शेडमध्येच ठेव, असं नीट शब्दांत सांगितलं होतं.

या सगळ्यात एकटेपणा कुठे होता, असं कोणी विचारलं तर सांगणं अवघड आहे. काम करताना नसायचा. पाइप बसला, इंजिन नीट वाजलं की यायचा. हे त्याला सांगायला हवं असं वाटायचं, आणि सांगायचं म्हणजे आठवड्याने पोचणार, महिन्याने उत्तर येणार. तोवर मला झालेला आनंद शिळा व्हायचा.

आषाढात फरशीवर गुडघाभर पाणी होतं. मी गेलो. काठावर थांबून पाणी बघितलं, गावातले दोघे पलीकडून चालत येत होते, त्यांनी सांगितलं, वर चढत नाहीये, ये. मी पहिला गियर टाकला आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय अजिबात हलवला नाही. चाकांना पाण्याचा रेटा जाणवत होता, गाडी किंचित डावीकडे सरकायची आणि मी तिला परत आणायचो. वर झाकण टकटकत होतं. पलीकडे चढलो तेव्हा माझे हात स्टिअरिंगला चिकटल्यासारखे झालेले.

त्याच्या आईने आवाज लांबूनच ऐकला होता. मी अंगणात शिरलो तेव्हा ती पायऱ्या उतरून धावत यावी तशी आली, दम लागत असताना. गाडीजवळ येऊन तिने आधी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या शेजारच्या सीटकडे, मग मागे. मागे दोन डबे आणि एक दोर होता. तिचा चेहरा उतरला आणि तो तिने लपवला नाही.

"तूच हायेस व्हय," ती म्हणाली. "ये. पाय धू. भात गरम हाय."

मी पाय धुतले आणि जेवलो. तिला दोष देण्यासारखं त्यात काही नव्हतं. मी तिच्या जागी असतो तर मीही मागेच बघितलं असतं.

पुढची काही वर्षं पावसाळ्यात मी पंधरवड्यातून एकदा जायचो, बाकी दिवसांत महिन्यातून. तिची औषधं न्यायचो, रॉकेल, कधी साखर. ती मला कधी रिकाम्या हाताने परत पाठवायची नाही. बोलणं बहुतेक त्याचंच असायचं. तो लहानपणी नदीत कसा बुडता बुडता वाचला, त्याला कुठली मासळी आवडते. मी ऐकायचो. काही गोष्टी इतक्यांदा ऐकल्या की त्या माझ्याच आहेत असं वाटायला लागलं. माझं लहानपण मला तितकं स्पष्ट आठवत नाही.

सुट्टीवर येणाऱ्या कुणाच्या तरी हाती तो कॅसेट पाठवायचा. त्याचा आवाज भरलेला असायचा, मागे पंख्याची घरघर. मी टेपरेकॉर्डर घेऊन जायचो आणि आम्ही ओटीवर बसून ऐकायचो. उलट कॅसेट भरायची वेळ आली की तिला बोलता यायचं नाही. यंत्रासमोर ती तोंडावर पदर धरून गप्प बसायची आणि मी तिच्या वतीने सांगायचो, आई बरी आहे, भात चांगला झालाय. एका कॅसेटमध्ये त्याने म्हटलं, सायलेन्सरचा आवाज भरून पाठव, मला ऐकायचाय. मी जीप अंगणात सुरू केली आणि टेपरेकॉर्डर बोनेटवर ठेवला. आधी मंद, मग मधला, मग जोरात. आई आतून ओरडली, "बंद कर रं ते, कोंबड्या पलाल्या." तेही त्यात आलं. पुढच्या कॅसेटमध्ये तो म्हणाला, मधल्या वेगाला अजून घुमतोय. बरोबर होतं ते.

एका वर्षी भादव्यात पाऊस लागून राहिला आणि तिचा दमा उसळला. निरोप आला तेव्हा मी कामावर होतो, तसाच निघालो. मी पोचलो तेव्हा पाणी उतरायला लागलेलं, तरी फरशीवर मांडीभर होतं. एरवी मी त्यात गाडी घातली नसती. मी गेलो आणि परत तिला घेऊन निघालो. ती पुढच्या सीटवर, अंगावर घोंगडी, तोंड उघडं टाकून श्वास ओढत. गावातले दोन जण हातात बांबू घेऊन फरशीच्या दोन्ही कडांनी पुढे चालत होते, म्हणजे कड कुठे आहे ते मला कळावं. पाणी गाडीच्या तळात शिरलं, तिच्या पायांवरून वाहू लागलं. तापलेल्या पाइपावर लाट उडाली की चर्र आवाज यायचा आणि वाफ आमच्या अंगावर यायची. इंजिन बंद पडलं असतं तर पुढे काय, हा विचार मी करत नव्हतो असं नाही, पण पाय हलवला नाही. तिने मध्येच माझं मनगट घट्ट पकडलं आणि अलीकडच्या काठावर चढेपर्यंत सोडलं नाही. स्टिअरिंग मी एकाच हाताने सांभाळलं.

कल्याणला दवाखान्यात तिला ऑक्सिजन लावला. दुसऱ्या दिवशी तिला बोलता यायला लागलं. सिस्टर कागद भरायला आल्या आणि त्यांनी मला विचारलं, आजींचे तुम्ही कोण? मी बोलायच्या आत तीच म्हणाली, "माज्या पोराचा दोस्त हाय."

ती खरं तेच बोलली. मी बाहेर आलो, जीपच्या ब्रेकमध्ये पाणी गेलं होतं ते बघायला. चाकं उघडली, पुसली, परत बसवली. ते काम तेव्हाच करायची गरज नव्हती.

मी तार केली. त्याला सुट्टी मिळाली नाही. चारपाच दिवसांनी कंपनीत त्याचा फोन आला. रडत होता. सारखं म्हणत होता, तू आहेस म्हणून, तू आहेस म्हणून. मी त्याला धीर दिला. फोन ठेवल्यावर मात्र वाटलं, मी आहे म्हणूनच हा येत नाहीये की काय. त्यानंतर कॅसेट कमी होत गेल्या. आईला मी सांगायचो, येणारा माणूस मिळाला नसेल.

नव्वदच्या पुढेमागे दोन गोष्टी झाल्या. नदीवर उंच पूल झाला, आणि त्याचं लग्न झालं. मुलगी डोंबिवलीची. लग्नाआधी त्याने डोंबिवलीला दुसऱ्या मजल्यावर घर घेतलं आणि आईला तिथे आणलं. गावचं घर कुलूप लावून ठेवलं. लग्नाच्या गडबडीतून वेळ काढून तो एका दुपारी माजिवड्याला आला. मी वाट बघत होतो. गाडी धुतलेली, पाइपाला उष्णता सोसणारा रुपेरी रंग दिलेला. त्याने पाइपावरून वरपासून खालपर्यंत हात फिरवला, जोड बघितले, लवचिक नळी बघितली, झाकण बोटाने उचलून सोडलं.

"मस्त केलंयस," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, "पण आता याचा काय उपयोग, रे?"

आम्ही घोडबंदर रस्त्याला चक्कर मारली. मधल्या वेगाला गाडी घुमायला लागली तेव्हा मला वाटलं तो काही म्हणेल. तो बाहेर खाडीकडे बघत होता. परत आल्यावर चहा घेतला. त्याने तिकडच्या रस्त्यांचं सांगितलं, गाड्यांचं, एसीचं. मी आमच्या कंपनीत कोण निवृत्त झालं ते सांगितलं. मग दोघांचंही संपलं. गाडी तुझीच आहे, असं जाता जाता म्हणाला, आणि ते त्याने मनापासून म्हटलं, यात मला शंका नाही.

महिन्याभराने तो बायकोला घेऊन मस्कतला गेला. आई डोंबिवलीत राहिली. बहीण दिव्याहून येऊन-जाऊन असायची, एक बाई स्वयंपाक करून जायची. मी रविवारी जायचो. जीप इमारतीच्या आवारात लावली की पाइपाचं तोंड नेमकं तळमजल्यावरच्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी यायचं आणि सुरू करताना धूर आत जायचा. तिथल्या बाईंनी तक्रार केली, ती योग्यच होती. मी फाटकाबाहेर लावायला लागलो. वर आई खिडकीशी बसलेली असायची. समोर दुसऱ्या इमारतीची भिंत. तिच्या बोलण्यातल्या गोष्टी कमी झाल्या होत्या. कधी अर्धा तास आम्ही नुसते बसायचो. मग मी उठायचो आणि ती म्हणायची, येशील ना?

एकदा माघात तिने गावी न्यायला सांगितलं. घर बघायचंय म्हणाली. मी सीटवर उशी घातली आणि सावकाश नेलं. पुलावर तिने थांबायला सांगितलं. खाली नदी आटलेली, जुनी फरशी उघडी पडलेली, तिच्यावर कोणी तरी गोधड्या वाळत घातल्या होत्या. ती बराच वेळ बघत होती.

घराचं कुलूप गंजलं होतं, किल्ली फिरेना. मी गाडीतून तेल आणायला निघालो तर ती म्हणाली, राहू दे, हितंच बसू. आम्ही ओटीवर बसलो. अंगणात जीप उभी. तिने विचारलं, "तू लगीन का नाय केलंस?"

मी म्हणालो, राहून गेलं. कोणी बघितलंच नाही माझ्यासाठी, आणि मलाही जमलं नाही.

ती म्हणाली, "मी इचारायला पायजे होतं. येवढी वरसं तू येतोस. मी आपली माज्या पोराचंच बोलत बसले. तुजं काय ते कवा इचारलंच नाय."

मी म्हणालो, मावशी, त्यात काय. तिने मान हलवली. मग तिने मला विचारायला सुरुवात केली. माझं गाव कुठलं, आई कशाने गेली, आईचा चेहरा आठवतो का. मी सांगत गेलो. बरंच सांगता आलं नाही, कारण मलाच माहीत नव्हतं. आई गेली तेव्हा कोण रडत होतं, मी कुठे होतो, हे मला कोणी कधी विचारलं नव्हतं आणि मीही ते कधी नीट आठवून बघितलं नव्हतं. ऊन ओटीवर सरकत आलं तसे आम्हीही मागे सरकलो. उन्हं कलल्यावर निघालो.

त्याच वर्षी पावसाळ्यात ती गेली. सकाळी स्वयंपाकाची बाई आली तेव्हा खुर्चीतच होती. मला फोन आला, मी पोचलो, बहीण आली, मग मस्कतला कळवलं. तो दुसऱ्या दिवशी पोचला, तोवर आम्ही तिला बर्फावर ठेवलं होतं. पुढचं सगळं त्याने केलं, ते त्याचंच होतं. मी खुर्च्या आणल्या, माणसांना पाणी दिलं, स्टेशनवरून येणाऱ्यांना पत्ता सांगितला. बहिणीच्या सासरच्या एकाने मला मंडपवाल्याचा माणूस समजून आणखी एक सतरंजी मागितली. मी आणून दिली.

अस्थी काळू नदीत सोडायच्या होत्या. तो म्हणाला, जीपने जाऊ, आपण दोघंच. पाऊस थांबलेला. पाणी फरशीच्या बरंच वरून वाहत होतं. आम्ही गावाच्या बाजूने काठावर उतरलो. सगळं झाल्यावर तो ओल्या धोतराने दगडावर बसून राहिला. मी शेजारी.

"तिकडे मला सारखं वाटायचं," तो म्हणाला, "तू जातोयस ना आईकडे, म्हणजे मी असल्यासारखंच आहे."

"तसं नव्हतं," मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे बघितलं. मी रागाने म्हटलं नव्हतं, त्यालाही ते कळलं असावं. मला फक्त ते कोणाला तरी एकदा सांगायचं होतं, आणि सांगण्यासारखा माणूस तोच होता. नदीकडे बघत तो म्हणाला, "माहितीय." मग आम्ही उठलो.

तेराव्यानंतर तो गेला. पहिली दोन वर्षं दिवाळीला फोन यायचा. डोंबिवलीचं घर भाड्याने दिलं, मग विकलं असं बहिणीकडून कळलं. आमच्यात काही बिघडलं नाही. बोलायला आई होती, ती राहिली नाही.

जीप मी आणखी काही वर्षं ठेवली. रविवारी सुरू करायची, हायवेला थोडी फिरवायची, परत आणायची. गिरणीची जागा बिल्डरने घेतली तेव्हा ठेवायला जागा उरली नाही. मुरबाडकडे एकाची शेतवाडी होती, त्याला जुनी जीप हवी होती. गाडी त्याला आवडली, उभा पाइप आवडला नाही. बायकोला गरम लागेल, म्हणाला, आणि दिसायलाही ट्रॅक्टरसारखं दिसतं. पहिल्यासारखं खालून करून द्याल का? मी हो म्हटलं. शेड सोडायच्या आधीचे दोन रविवार त्यात गेले. पाइप कापून उतरवला, चौकटीला पाडलेली भोकं भरून घासून रंगवली, नवा सायलेन्सर खालून मागे नेला. या वेळी वाकवण्याची फार गरज पडली नाही, तयार वळणं बाजारात मिळायला लागली होती.

गाडी द्यायला मीच गेलो. त्या घरात मला जेवायला घातलं. आंब्याची झाडं दाखवली, विहीर दाखवली. नवा मालक म्हणाला, चला, स्टँडवर सोडतो, मलाही हात बसवायचाय. तो चालवायला बसला आणि मी बऱ्याच वर्षांनी शेजारच्या सीटवर. तो गियर जरा जोरात टाकत होता, मी दोनदा सांगितलं, हळू. मधल्या वेगाला गाडी आली, गेली, कुठेच घुमली नाही. छान चालतेय, तो म्हणाला. मी म्हणालो, हो, आता त्रास देणार नाही.

मुरबाडच्या स्टँडवर त्याने मला उतरवलं आणि हात करून वळला. कल्याणच्या गाडीला वेळ होता. मी बाकावर बसलो. शेजारी एक म्हातारा भुईमुगाच्या शेंगा सोलत बसला होता. त्याने मूठभर माझ्यापुढे केल्या आणि विचारलं, कुठले तुम्ही? मी आधी ठाण्याचा म्हणालो. मग त्याला घाई दिसली नाही, म्हणून माझ्या मूळ गावाचं नाव सांगितलं.